पाठीवरच्या हाताचा दाब मोजा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



परळ-दादर भागातल्या कुठल्याही दवाखान्यातला पाठदुखीचा केसपेपर उघडून बघा. 'एल-फोर, एल-फाइव्ह टेंडरनेस ++' अशी एखादी ओळ त्यावर हमखास असते. म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यावर दाबलं तेव्हा पेशंटला बरंच दुखलं. दुखणं पेशंटचं, हे खरं. पण दाब कुणाचा आणि किती, हे त्या कागदावर कुठेच नसतं. दोन किलोच्या दाबाला माणूस कळवळला तर ती एक गोष्ट. दहा किलोच्या दाबाला कळवळला तर ती अगदीच निराळी. केसपेपरवर मात्र दोघांच्याही वाट्याला दोन-दोन अधिक चिन्हं येतात. माझ्याकडे लालबागचे एक निवृत्त गिरणी कामगार येतात. "काका, इथे दुखतंय का?" असं विचारलं की ते न चुकता सांगतात, "तुम्ही दाबलंत म्हणून दुखतंय." या उत्तरावर सगळे हसतात. मला ते आमच्या तपासणीवरचं सगळ्यात नेमकं भाष्य वाटतं.

मी परळमध्ये फिजिओथेरपी करते आणि जमेल तसं विद्यार्थ्यांना शिकवते. तुमच्याकडे मागणी एवढीच आहे, की फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाताचा दाब काट्यावर मोजला जावा. नुसतं 'दाबून दाखव' नको. 'चार किलो दाबून दाखव, आता बारा किलो' असं विचारलं जावं आणि उत्तर परीक्षकाच्या मान डोलावण्यावर न सोडता आकड्यात दिसावं.

हे पत्र परळमधून येतंय, याला कारण आहे. केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. याच केईएममध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओचे दिवस होते तेव्हा, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उघडली. त्याच्या थोडं आधी तिथेच ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली होती. ती उभी केली कमलाबाई निंबकरांनी. अमेरिकेत जन्मलेली ही बाई निंबकरांच्या घरात सून म्हणून आली आणि इथलीच झाली. सांगायचं एवढंच, की 'हाताने तपासणं आणि हाताने बरं करणं' ही विद्या आपल्या देशात पदवीच्या पायरीवर चढली ती या दोन-चार गल्ल्यांत. त्या हाताचं माप घ्यायला सुरुवातही इथूनच व्हायला हरकत नाही.

दादरच्या भाजीबाजारात कांदे तोलणाऱ्याचा काटा वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. नाही घेतला तर दंड. आमच्या दवाखान्यातही रक्तदाबाचं यंत्र, वजनाचा काटा, अल्ट्रासाउंडचं मशीन यांची तपासणी अधूनमधून होते. पाठदुखीच्या माणसावर सगळ्यात जास्त चालतो तो मात्र हात, आणि त्याला शिक्का नाही, मुदत नाही, दंडही नाही.

आता कुणी म्हणेल, हाताला कसला आकडा? हात तयार व्हायला वर्षं लागतात, हाताला डोळे फुटावे लागतात. हे वाक्य मी माझ्या शिक्षकांकडून ऐकलं आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिळभरही कमी झालेला नाही. पण हे तपासून पाहिलेले लोक आहेत. मणके हाताने हलवून बघण्याच्या ज्या पायऱ्या आपण शिकवतो, त्या ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री मेटलंड यांच्या. त्यांचं मणक्यांवरच्या उपचाराचं पुस्तक १९६४ साली आलं. पहिली पायरी म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच छोटी झुल, दुसरी मोठी झुल पण अडथळ्याच्या अलीकडे, तिसरी मोठी आणि अडथळ्यापर्यंत, चौथी छोटी पण थेट अडथळ्याशी. वर्णन सुरेख आहे, पण त्यात किलो नाही. अडथळा कुठे लागतो हे ज्याने त्याने आपापल्या हाताने ठरवायचं. परिणाम व्हायचा तोच झाला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात खाटेलाच दाब मोजणारी यंत्रणा बसवून अनुभवी फिजिओंना या पायऱ्या करायला सांगितल्या, तेव्हा एकाच पायरीसाठी सगळ्यात हलक्या हाताच्या आणि सगळ्यात जड हाताच्या माणसांत कित्येक पटींचा फरक निघाला. नवशिके नव्हते ते; हातांना डोळे फुटलेली माणसं होती.

हाताने तपासण्याच्या विश्वासार्हतेवर जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित कौलही असाच आहे. 'हा मणका अडकलाय' किंवा 'हा जरा फिरलाय' यावर दोन तपासणाऱ्यांचं एकमत फार कमी वेळा होतं. 'इथे दाबलं की दुखतं' यावर त्यामानाने बरंच जास्त होतं. म्हणजे आपल्या हातातली त्यातल्या त्यात भरवशाची खूण ती 'दुखतंय का'ची. नेमक्या तिथेच आपण दाब नोंदवत नाही!

जगात एकदा तरी हा आकडा ठरला होता. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जिया या आजारासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी १९९० साली निकष ठरवले: अंगावरच्या ठरलेल्या १८ जागांपैकी ११ जागा दुखल्या पाहिजेत, आणि दाब साधारण चार किलोचा हवा. चार किलो ओळखायचे कसे? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडायला लागेपर्यंत दाबायचं. घरबसल्या करून बघण्यासारखी गोष्ट आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अंगठा टेका आणि नखाकडे बघत हळूहळू दाब वाढवा. नखाचा गुलाबी रंग कुठे उडतो तेही पाहा आणि आकडाही पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. कुणाचं नख तीन किलोलाच पांढरं पडतं, कुणाचं पाचच्या पुढे जातं. २०१० च्या नव्या निकषांतून या जागा मोजणं काढून टाकलं. दाखवलेल्या कारणांपैकी एक असं की बऱ्याच डॉक्टरांना ही तपासणी नीट करता येत नव्हती, बरेच जण ती करतच नव्हते. मला हे कारण फार बोलकं वाटतं. हात शिकवण्याऐवजी तपासणीच रद्द करणं सोपं पडलं.

हाच वैद्यकीय व्यवसाय दुसऱ्या ठिकाणी किती काटेकोर असतो, तेही बघा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची तर मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे प्रत्येक परिचारिकेला, वॉर्डबॉयला, आता सोसायटीच्या वॉचमनलाही शिकवतात. पुतळ्यावर नीट दाबलं की खटका वाजतो किंवा दिवा लागतो. कमी पडलं की लागत नाही. छातीच्या बाजूने दाब मोजायचा आणि तोच माणूस पालथा झाला की अंदाजपंचे, हे काही पटत नाही.

पाठ मात्र छातीपेक्षा अवघड आहे, हे मान्य करते. एक तर खाट. आमच्याकडच्या रेक्झिनच्या खाटा वर्षानुवर्षं वापरल्या जातात, मधला फोम बसलेला असतो. मणक्यावर दाब दिला की किती मणका खाली गेला आणि किती फोम, हे हाताला कळत नाही. खाटेच्या गादीमुळे मणक्याच्या ताठरपणाचं माप चुकतं, हेही ऑस्ट्रेलियन फिजिओंनी १९९० च्या दशकाअखेर मोजून दाखवलं. दुसरं म्हणजे श्वास. पेशंट पालथा पडून श्वास भरून घेतो तेव्हा पाठ वेगळी लागते, सोडून शांत झाल्यावर वेगळी. म्हणून दाब द्यायचा तो श्वास सोडून झाल्यावर. तिसरं, हाताचा कुठला भाग. बारा किलो अंगठ्याच्या टोकाने दिले तर पेशंट खाटेवरून उठून बसेल. तेच बारा किलो करंगळीच्या बाजूच्या तळहाताने, मनगटाजवळच्या त्या वाटाण्याएवढ्या हाडाच्या आधाराने दिले तर त्याला झोप लागेल. वजन तेच, पण पसरलं किती जागेवर यावर सगळं ठरतं. म्हणून नुसता किलोचा आकडाही अपुरा. सोबत 'अंगठा' की 'तळहात' हे लिहायलाच हवं.

'यंत्रं महाग, महाविद्यालयांना परवडणार नाहीत' ही हरकत येईल, म्हणून माझी पद्धत सविस्तर सांगते. खाटेशेजारी जमिनीवर वजनाचा काटा ठेवायचा आणि तपासणाऱ्याने दोन्ही पाय त्यावर ठेवून उभं राहायचं. समजा वजन ५८ किलो. आता पेशंटच्या पाठीवर सरळ खाली दाब द्यायचा. काट्यावरचा आकडा उतरायला लागेल, कारण तुमचं काही वजन आता पाठीने उचललंय. आकडा ४६ वर स्थिरावला, तर पाठीवर बारा किलो. बस. अटी दोनच: मांडी खाटेला टेकवायची नाही, आणि दाब तिरपा नको. घरातले डिजिटल काटे आकडा एकदा धरून बसतात, हलणारा दाब त्यांना दाखवता येत नाही. त्यामुळे झुल शिकवायची असेल तर सुईचा जुना काटाच बरा. सुई मागेपुढे डोलते आणि विद्यार्थ्याला आपल्या हाताची लय डोळ्यांनी दिसते. एखाद्या मुलीची सुई चौथ्या पायरीला, जिथे झुल छोटीच हवी तिथे, पाच किलोपासून पंचवीसपर्यंत हेलपाटे घालते, तेव्हा तिला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

यापेक्षा चांगलं हवं असेल तर खाटेच्या चारही पायांखाली दाब मोजणारे लोड सेल बसवायचे. लॅमिंग्टन रोडवर हे भाग आणि त्यांना लागणारं सर्किट सहज मिळतं, किंमत एखाद्या बऱ्या मोबाइलच्या आसपासही जात नाही. पेशंट झोपला की आकडा शून्यावर आणायचा, त्यापुढे चढेल तो सगळा हाताचा दाब. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं दरवर्षी असतात. आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र २०१४ पासून आहे. तुमच्या विद्यापीठाने एक पत्र पाठवलं तरी खाट तयार होईल.

मोजल्याने शिकता येतं का? येतं. ऑस्ट्रेलियातच १९९० साली विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला मणक्यावर नेमका किती दाब पडतोय हे सांगितलं जात होतं, दुसऱ्याला नेहमीसारखं शिकवलं. ज्यांना आकडा कळत होता त्यांचे हात ठरलेल्या दाबाच्या बरेच जवळ आले. सराव थांबला की हे कसब ओसरतं, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणूनच मी एका कार्यशाळेची मागणी करत नाही, परीक्षेची करते. आपल्याकडे परीक्षेत नसलेली गोष्ट कुणी दोनदा करत नाही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

हे सगळं कुणाच्या पाठीसाठी, तेही सांगायला हवं. आमच्या भागात पाठ ही कामाची वस्तू आहे. गोण्या वाहणारे माथाडी, लालबागच्या कारखान्यांत मूर्तीसमोर तासन्‌तास वाकून बसणारे कारागीर, दादरच्या फूल बाजारात पहाटेपासून मांडी घालून हार ओवणाऱ्या बायका, चाळीतल्या लाकडी जिन्यावरून पाण्याची बादली चढवण्यात तारुण्य घालवलेल्या आज्या. यांतले कितीतरी जण 'मणक्यात गॅप आलाय' असं दुसऱ्याने सांगितलेलं निदान घेऊन येतात. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणारी पिढी अजून हयात आहे. त्या पायाचा दाब किती, हे कुणी मोजलं नाही, पण मग आमच्या पदवीधर अंगठ्याचा तरी कुठे मोजलाय?

हाडं ठिसूळ झालेल्या सत्तरीच्या आजीच्या पाठीवर आणि पंचविशीतल्या माथाड्याच्या पाठीवर एकच हात, एकाच दमात, एकाच सवयीने पडतो. आजीला आपण हलकंच दाबलं, असं तपासणाऱ्याला वाटतं. तो हलकेपणा त्याच्या स्वतःच्या सवयीच्या मानाने हलका असतो, आजीच्या हाडांच्या मानाने असेलच असं नाही.

आणि पैशाचा प्रश्न असतो तिथे तर दाब न मोजणं हा सरळ अन्याय होतो. स्कॉटलंडमधले अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८० साली पाठदुखीत शरीराबाहेरचीही काही कारणं आहेत का, हे ताडण्यासाठी खुणांचे पाच गट सांगितले. त्यांपैकी एक अशी: कातडीला नुसता हलका स्पर्श केला तरी विस्तृत भागात दुखणं. दुसरी: उभ्या माणसाच्या डोक्यावर हलका दाब दिला तरी कंबर दुखली म्हणणं. या खुणा म्हणजे माणूस सोंग करतोय याचा पुरावा नव्हे, असं खुद्द वॉडेल यांनी पुढे बजावलं. तरीही आपल्याकडे रजेचा कागद किंवा नुकसानभरपाईचा दावा घेऊन आलेल्या कामगारावर त्या सर्रास तशाच वापरल्या जातात. 'हलका' म्हणजे किती ग्रॅम? डोक्यावर ठेवलेला जड हात एकाचा, दुखलं म्हणणारा दुसरा, आणि शिक्का बसतो 'नाटक करतोय' म्हणून. मोजलेला दाब लिहिलेला असेल तर तो कामगार आणि त्याचा वकील निदान विचारू तरी शकतात. आज विचारायला कागदावर काहीच नसतं.

साध्या, पण नीट शिकवलेल्या हातांनी काय होतं, याचा पुरावा केईएमच्या शेजारी, टाटा रुग्णालयात आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक चाचणी चालवली. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासले. त्या डॉक्टर नव्हत्या. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणीमुळे कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्क्यांची होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम ठरली नाही, हेही इथेच सांगते. या चाचणीत किलो मोजले होते असा माझा दावा नाही. पण स्तनतपासणीच्या शिक्षणात एकाच जागी हलका, मध्यम आणि खोल असे तीन दाब देऊन बघायचे ही शिस्त जगभर रुळली आहे, सरावासाठी सिलिकॉनचे नमुने आहेत. तिथे हाताला यंत्राइतकंच गंभीरपणे घेतलं गेलं. पाठीच्या वाट्याला ते गांभीर्य अजून आलेलं नाही.

माझी एक भीतीही नोंदवते. आकडा आला की काही जण हात वापरायचं विसरतात. 'बारा किलो' हा मंत्र होऊन बसेल आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जाईल. असं झालं तर मी स्वतः काटा उचलून माळ्यावर टाकीन. दाब मोजायचा तो 'योग्य दाब अमुकच' असं फर्मान काढण्यासाठी नव्हे. तेवढं ज्ञान आज जगात कुणाकडेच नाही. मोजायचा तो एवढ्यासाठी, की सोमवारी मी जे दाबलं तेच गुरुवारी माझ्या सहकाऱ्याने दाबलं का, हे आम्हा दोघांना कळावं. पेशंट 'आता बरं आहे' म्हणतो तेव्हा पाठ सुधारली की फिजिओ बदलला, हा फरक कळायला हवा.

आमच्या स्वतःच्या अंगठ्यांसाठीही हे हवंच. फिजिओंमध्ये अंगठ्याचं दुखणं सर्वत्र आढळतं आणि त्यातून चांगले हात हा व्यवसाय अर्ध्यात सोडतात. काट्यावर शिकलेली मुलगी गरजेपेक्षा जास्त दाबत नाही. तळहाताने भागत असेल तिथे ती अंगठा खर्ची घालत नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रमाचा सांगाडा राष्ट्रीय आयोगाच्या हातात गेला, हे मला माहीत आहे. पण परीक्षा तुमचं विद्यापीठ घेतं, परीक्षक तुम्ही नेमता, गुणांचा तक्ता तुमच्या सहीने निघतो. त्या तक्त्यात हाताने केलेल्या तपासणीच्या गुणांतले पाच गुण काट्यासाठी वेगळे काढा. केसपेपरच्या नमुन्यात 'टेंडरनेस'च्या रकान्याशेजारी 'किती किलो, अंगठा की तळहात' असा एक छोटा रकाना वाढवा. येत्या हिवाळी परीक्षेला एखाद्याच महाविद्यालयात करून बघा. केईएममध्ये झालं तर उत्तमच, पण नागपूर, पुणे कुठेही चालेल.

परीक्षक म्हणून बोलावलंत तर माझा सुईचा काटा घेऊन मी येईन. अट एकच: पहिला विद्यार्थी काट्यावर चढण्याआधी आम्ही सगळे परीक्षक त्यावर चढणार, आणि आमचे आकडेही फळ्यावर लिहिले जाणार.

आपली,
परळमधील एक फिजिओथेरपिस्ट